माजघरातली शेगडी आज रात्रीच बाहेर काढा

राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीतून आलेलं पत्र थोडं आखडून देते आहे.

"आम्ही दोघं निवृत्तीनंतर कोल्हापूरचं बिऱ्हाड आवरून मूळ गावी राहायला आलो. घर जुनं आहे, भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. दोन वर्षांपूर्वी मुलानं कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद ठोकून घेतला आणि लाकडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवल्या. पावसाळ्यात घर आता कोरडं राहतं, पण दिवाळी सरली की असा गारठा सुटतो की रात्री हातपाय बधिर होतात. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना दम्याचा जुना त्रास. जेवणं आटपली की मी चुलीतले निखारे लोखंडी शेगडीत भरून माजघरात ठेवते आणि दारं-खिडक्या लावून आम्ही तिघं तिथंच झोपतो. सकाळी माझं डोकं जड असतं, एकदोनदा मळमळलंही. परड्यात चक्कर मारून आलं की बरं वाटतं. मिस्टर म्हणतात, काश्मीरसारखी बुखारी, म्हणजे धुराची नळी असलेली बंद पत्र्याची शेगडी, बसवू. दीर म्हणतात, विजेचा हीटर घ्या, पण संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज पडतं. सासूबाई म्हणतात, माझ्या पाच बाळंतपणांत खाटेखाली शेगडी होती, काही झालं नाही. बांधावरच्या चार निलगिरी आणि एक बाभूळ गेल्या महिन्यात पाडल्या, त्यांचं जळण दारात पडलंय. थंडीभर पुरेल का? आणि नक्की काय करावं?"

ताई,

बुखारी, हीटर, जळण, सगळ्याबद्दल सांगते. पण आधी एक काम करा. हे दिवसा वाचत असाल तर आज रात्री, आणि रात्री वाचत असाल तर आत्ता उठून ती शेगडी अंगणात नेऊन ठेवा. झोपायच्या खोलीत ती पुन्हा आणू नका, एका रात्रीसाठीही नाही.

डोकं जड होतं, मळमळतं आणि परड्यात गेलं की उतरतं, हे तुमचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात महत्त्वाचं तेच आहे. पित्ताची डोकेदुखी घराबाहेर पाऊल टाकलं म्हणून जात नाही. बंद घरात चढणारी आणि मोकळ्या हवेत उतरणारी डोकेदुखी ही कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची ओळखीची खूण आहे.

लाकूड असो, कोळसा असो, जळताना त्याला हवा कमी पडली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं या वायूला धरून बसतं. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. जागा माणूस निदान गरगरायला लागल्यावर बाहेर तरी पडेल. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. दर थंडीत वर्तमानपत्रात कुठल्या तरी गावची बातमी येते, शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही.

आपली फसगत होते ती निखाऱ्यापाशी. लाकूड धुमसतंय तोवर आपण ते बाहेर ठेवतो, डोळ्यांत पाणी येतं म्हणून. धूर सरला, लालभडक इंगळ झाला, की आता निर्धोक म्हणून आत आणतो. पण ज्या घटकेला धूर थांबतो त्याच घटकेला हा वायू भरपूर निघत असतो. वरून राखेची साय धरलेला, मंद धगधगणारा निखारा तर सगळ्यात वाईट, कारण त्याच्यापर्यंत हवा नीट पोचतच नाही. तुम्ही निखारे रात्रभर टिकावेत म्हणून त्यांवर राख लोटत असाल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे सगळ्याच बायका लोटतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते खोटं नाही, आणि त्यांना तुम्ही खोटं पाडूही नका. त्यांच्या बाळंतपणांत घर वेगळं होतं. कौलांच्या फटींतून पहाटेचा उजेड दिसायचा, खिडक्यांची लाकडी झापं कधी नीट मिटायची नाहीत, दाराखालून बोटभर फट असायची. घर चोवीस तास श्वास घेत होतं. मुलानं आईवडलांच्या मायेपोटी कौलांखाली कागद ठोकला, सरकत्या खिडक्या बसवल्या आणि तो श्वास बंद झाला. शेगडी तीच, निखारे तेच, पण तेव्हाच्या घरातून जे आपोआप वर निघून जायचं ते आता तिघांच्या उशाशी साठतं. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांना पटेल. त्यांनी आयुष्यभर चूल सांभाळली आहे. धुराला वाट लागते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आणखी एक सांगून ठेवते. कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. तुम्ही ते लावून पाहिलं आणि आकडा ९८ आला तर निश्चिंत होऊ नका. या वायूनं भरलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच दिसतं. पुन्हा कधी गरगरलं, मळमळलं, कुणी नीट बोलेना, तर दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही बंद खोलीत निखारे ठेवून झोपलो होतो. ते सांगितलं नाही तर बऱ्याचदा पित्ताची गोळी हातात पडते. या दोन हिवाळ्यांत जे झालं तेही सासूबाईंच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुढचा प्रश्न उबेचा. आधी एक विचारते, तुम्हाला घर तापवायचं आहे की माणसं? काश्मीरमध्ये बाहेर पाणी गोठतं, तिथं घर तापवल्याशिवाय इलाज नाही. कोल्हापूर शहरात डिसेंबरच्या रात्री पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. तुमच्याकडे डोंगराच्या कुशीत तो आणखी खाली जातो, कारण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि खोऱ्यात साचून राहते. तरीही ही थंडी बोचणारी आहे, गोठवणारी नाही. संध्याकाळचे दोन-तीन तास आणि पहाटेचा एक-दीड तास एक खोली उबदार झाली, अंथरूण नीट असलं, आंघोळीला कढत पाणी मिळालं, तर तुमचा हिवाळा सुखाचा जाईल. रात्रभर आग ठेवायची गरज तुमच्या घराला नाही. मी हे पुन्हा पुन्हा सांगते आहे, कारण सगळा धोका त्या 'रात्रभर'मध्ये आहे.

सासूबाईंच्या खोलीत आग कुठल्याच रूपात नको. दम्याच्या माणसाला लाकडाचा धूर थोडाही सोसत नाही, आणि कितीही चांगली बुखारी असली तरी दार उघडून लाकूड सारताना भपकारा थोडा तरी आत येतोच. घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं वेळेआधी जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. दमा-खोकल्याच्या जुन्या रोग्यांना त्याचा फटका आधी बसतो. म्हणून त्यांच्यापुरतं दीरांचं ऐका. तेल भरलेला, पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्यांचा हीटर मिळतो तो घ्या. त्यात तार उघडी नसते, हवा भाजत नाही, पदर पडला तरी पेट घ्यायची भीती कमी.

व्होल्टेजबद्दलची तुमची शंका रास्त आहे. हीटरची ऊब व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. २३० व्होल्टला १,००० वॉट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम ६०० वॉट देतो. तो जळत नाही, बिघडत नाही, फक्त कमी तापतो. म्हणून गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या, १,५०० वॉटचा, आणि झोपायच्या दोन तास आधी लावा. खोली तापली की तो आपोआप बंद-चालू होत राहतो. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट वायरमनकडून काढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर हीटर कधीही नको. हजार वॉट चार तास चालले म्हणजे चार युनिट, हा खर्च दवाखान्यापुढे काहीच नाही. लाइट गेलीच तर रबरी पिशवीत गरम पाणी, ती टॉवेलात गुंडाळून पायाशी. आणि वाकळ. खरं तर वाकळीच्या वर एक घोंगडं टाका, सनगर समाजातल्या विणकरांनी हातमागावर विणलेलं. लोकरीत हवा धरून ठेवायचा गुण आहे आणि ओलसर हवेतही ती गार पडत नाही. खाटेवर गादीच्या खालीही एक घाला, निम्मी थंडी खालून लागते.

आता बुखारी. मिस्टरांची कल्पना मला आवडली, फक्त ती सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत बसवा, माजघरात नको. संध्याकाळी सगळे तिथंच बसता, ये-जा असते, दार उघडझाप होत असतं. झोपायच्या आधी ती पूर्ण विझलेली असली पाहिजे.

बुखारी म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला समजवायला मला फार शब्द लागत नाहीत. आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळकांड्यात खालून जाळ, खालच्या जाळीतून हवा वर ओढली जाते, धूर वरच्या तोंडातून बाहेर. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी पहाटे पाचला बंब पेटायचा. आजी त्यात आधी एक पेटता कागद टाकायची, मग चिपाड, मग लाकडाच्या ढलप्या. मी विचारायची, कागद कशाला? ती म्हणायची, "नळी गार असली की जाळ उलटा फिरतो." आजी शाळेत गेलेली नव्हती, पण तिनं सांगितलेलं अगदी बरोबर होतं. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि मागून ताजी हवा ओढून घेते. नळी गार असेल तर तिच्यातली जड हवा झाकणासारखी बसते आणि धूर खोलीत ढकलते. बुखारीतही हाच नियम आहे. बंबात पाणी तापतं, इथं पत्रा तापून खोली तापते, एवढाच फरक.

ती कुठून आणायची? काश्मीरहून मागवायची गरज नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा कापून, वेल्डिंग करून शेगड्या-चुली बनवणारे कारागीर आहेत, तीन मिलिमीटरचा काळा पत्रा सांगा. दार घट्ट मिटणारं हवं, खाली हवा कमी-जास्त करायची झडप हवी, आत लाकूड उचलून धरणारी जाळी हवी. नळीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाईप वापरू देऊ नका. स्वस्त पडतो म्हणून कारागीर तोच सुचवतात, पण जास्त तापला तर जस्ताचा विषारी धूर सुटतो. काळा पत्रा किंवा स्टेनलेस स्टील घ्या. नवी बुखारी पहिले दोन-तीन वेळा अंगणात पेटवा, तिचा रंग आणि तेल जळून जाऊ दे.

नळीवर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मीच त्यात हात पोळून घेतला आहे. शाहूवाडीकडच्या मामांच्या घरी आम्ही अशीच बुखारी बसवली तेव्हा कारागिरानं नळी कौलांच्या पातळीवरच कापली. वारा नसलेल्या दिवशी ठीक चालायची. पश्चिमेचा वारा सुटला की तो छपराच्या उतारावर आपटून नळीत शिरायचा आणि सगळा धूर सोप्यात. आम्ही कंटाळून खिडक्या उघडायचो, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. शेवटी नळी वाढवली आणि त्रास गेला. हिशेब असा: नळी जिथून छपराबाहेर पडते तिथून निदान तीन फूट उंच हवी आणि चहूबाजूंच्या दहा फुटांत जे काही असेल, आढं, झाड, शेजारची भिंत, त्याहून दोन फूट वर हवी. तोंडावर पावसाची टोपी, पण तिच्याखाली धुराला मोकळी जागा ठेवून.

छपरातून नळी काढायची असेल तर तुमच्या घरात एक अडचण आहे. वासे आणि रीपा शंभर वर्षं वाळलेल्या लाकडाच्या, त्यांखाली प्लॅस्टिकचा कागद. एकपदरी नळी लाकडापासून निदान दीड फूट लांब हवी, प्लॅस्टिकच्या तर ती आसपासही नको. त्यापेक्षा मी म्हणेन, जांभ्याच्या भिंतीतून काढा. दगड पेटत नाही. फक्त काटकोनात वळवू नका, तिरप्या वळणानं बाहेर काढून सरळ वर न्या, आणि बाहेरच्या भागाला रॉकवूल, म्हणजे न पेटणारी दगडी लोकर, गुंडाळून वरून पत्रा चढवा, नाहीतर ती गार पडून ओढ कमी होते. बुखारीपासून लाकडी खांब, पडदे, कपाट तीन फूट दूर. खाली फरशी किंवा विटांचा ओटा, दारासमोर दीड फूट पुढं आलेला, कारण ठिणगी पुढंच उडते. तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेता मृग लागायच्या आत बाहेरची नळी उतरवून ठेवा आणि भोक बुजवा. राहू दिली तर दोन पावसाळ्यांत गंजेल, आणि माकडं व पाखरं तिचं काय करतील ते वेगळंच.

बुखारी पेटलेली असताना एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. मुलानं घर इतकं घट्ट केलं आहे की आगीला हवा कुठून तरी मिळालीच पाहिजे, नाहीतर ती नळीतूनच उलटी ओढेल. आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश वाजणारं बॅटरीचं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते मुलाला मागवायला सांगा. धुराचं यंत्र वेगळं, हे वेगळं. एक सोप्यात, एक माजघरात, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला. माझ्या मते बुखारीआधी हे यंत्र घरात यायला हवं.

आता दारात पडलेलं जळण. ताई, या हिवाळ्यात त्याला हात लावू नका. ते जळण नाही, अजून झाडच आहे.

नुकत्या पाडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते लाकूड पेटवलं की आग आधी ते पाणी उकळून वाफ करण्यात खर्ची पडते. किलोभर वाळल्या लाकडातून जेवढी ऊब मिळते, किलोभर ओल्यातून साधारण तिच्या निम्मीच मिळते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते खरं आहे, पण सुक्याची ऊब खाऊन जळतं. नुकसान तिथंच संपत नाही. ओल्या लाकडाचा धूर गार आणि ओशट असतो, नळीच्या आत त्याचा डांबरासारखा चिकट काळा थर बसतो. कधीतरी जाळ मोठा झाला की तो थर नळीच्या आतच पेट घेतो, आणि ती आग छपरापर्यंत जाऊ शकते. हवेची झडप पार मिटून लाकूड रात्रभर धुमसत ठेवलं तरी हाच थर बसतो. म्हणून जाळ नेहमी लहान आणि चांगला भडकलेला ठेवावा, मोठा आणि गुदमरलेला नको. नळी महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशनं झाडून घ्या.

गुऱ्हाळावर कधी उभ्या राहिला असाल तर हे सगळं तुम्ही पाहिलं आहे. चुलवाणात वाळलं चिपाड पडतं तेव्हा जाळाचा आवाज येतो, धुराड्यातून धूर जेमतेम दिसतो आणि काहिलीतला रस उसळत असतो. अवकाळी पाऊस होऊन चिपाड भिजलं की दाट धूर, रस थंड आणि गुळव्याचा जीव टांगणीला. तुमच्या नळीवरचा धूरही असाच बघत जा. पेटवल्यानंतर पंधरा मिनिटांनी तो दिसेनासा झाला तर लाकूड बरोबर आहे.

निलगिरी लगेच फोडून घ्या, हे काम मात्र थांबवू नका. तिचा रेषा पिळवटलेला असतो, वाळली की पाचर घालूनही दाद देत नाही. ओली आहे तोवर फुटते. वीतभर-सव्वा वीत लांब तुकडे, मनगटाएवढे जाड. न फोडलेला ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो, सालीतून पाणी निघत नाही. बाभळीचं लाकूड घट्ट आणि जड, तिचा निखारा टिकतो, ती निराळी रचा. पेटवायला आणि भर्रकन तापवायला निलगिरी, नंतर बाभळीचे दोन तुकडे.

रचायचं कसं? जमिनीवर नाही. दोन ओळी विटा, त्यांवर बांबू, त्यांवर लाकूड, भिंतीपासून हातभर लांब म्हणजे मागून वारा फिरेल. वरून पत्रा, बाजू उघड्या. पुष्कळ लोक सगळ्या थप्पीला ताडपत्रीत गुंडाळतात आणि आत बुरशी धरवतात. आत्तापासून मेपर्यंत कोल्हापूरचं ऊन त्याला मिळालं की ते वाळेल, आणि मृगाआधी ते गोठ्याच्या माळ्यावर किंवा पडवीत चढवा. तुमच्याकडच्या पावसात उघड्यावर राहिलं तर चार महिन्यांची मेहनत पंधरा दिवसांत वाया. वाळलं की नाही हे ओळखायला एक तुकडा बाजूला काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ओलं 'थप' करतं, वाळलं 'ठण'. टोकांना चिरा पडतात, साल सुटते.

पुरेल का, हा तुमचा प्रश्न. बारा बाय चौदाचा सोपा, संध्याकाळी तीन तास आणि पहाटे एक-दीड तास, असं धरलं तर दिवसाला चार-पाच किलो वाळलं लाकूड लागेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर धरले पंचाहत्तर-ऐंशी दिवस, म्हणजे ३०० ते ४०० किलो. चारशे किलो वाळलेलं हाती यायला पाडताना साडेसहाशे किलो लागतं, बाकीचं पाणी उडून जातं. चार निलगिरी किती जुन्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण चांगल्या वाढलेल्या असतील तर पुढच्या वर्षाचं जळण भागून उरेल. या वर्षापुरतं वखारीतून वाळलेलं घ्या, घेताना ती 'ठण' करून बघा आणि मगच वजन करू द्या.

काही गोष्टी बुखारीत किंवा बंबात घालू नका. मुलानं काढलेल्या जुन्या खिडक्या पडून असतील, रंग दिलेलं लाकूड आहे ते, राहू द्या. प्लायवूड, दुधाच्या पिशव्या, चपला नकोत. कण्हेर आणि बिबव्याचं लाकूड तर नकोच. कण्हेरीचा धूर विषारी, बिबव्याच्या धुरानं अंग सुजतं, हे वाडीतल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, नव्यानं राहायला आलेल्यांना नसतं. उसाचा पाला पेटवायला मूठभर ठीक, जास्त घातला तर ठिणग्या उडवतो. शेणी चुलीत बऱ्या, बुखारीत धूर फार करतात.

झाडं पाडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. निलगिरी-बाभळीचं फारसं अडत नाही, पण बांधावर आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा असेल आणि पुढंमागं तो पाडायचा विचार आला तर १९६४ च्या झाडतोड कायद्यात ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी आधी परवानगी घ्यावी लागते. आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतली वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. कायद्याचं एक झालं, शिवाय पहाटे मोळी आणायला गेलेल्याची आणि गव्याची गाठ पडली की काय होतं ते तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको.

बंब असेल तर माळ्यावरून काढा. नसेल तर भांड्यांच्या बाजारात जुना तांब्याचा मिळतो का बघा, कल्हई करून घ्या आणि न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर ठेवा. एवढ्याशा जळणात दोघा-तिघांचं कढत पाणी होतं, आणि पहाटेच्या थंडीत त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

राख लोखंडी झाकणाच्या डब्यात काढा आणि तीन-चार दिवस अंगणात ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत इंगळ दोन-दोन दिवस जिवंत राहतो. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा गोठ्याजवळच्या उकिरड्यावर ती तशीच टाकून अनेकांची वैरण जळाली आहे. गार झालेली राख तुमच्या तांबड्या जांभ्याच्या मातीला मानवते, कारण ती माती आंबट असते आणि राखेत चुना व पालाश असतो. परड्यातल्या नारळाला आणि केळीला घाला. खाली नदीकाठच्या काळ्या रानात कुणी मागितली तर जपून द्या, ती माती बऱ्याचदा आधीच खारवट असते.

निलगिरी फोडायला माणूस या आठवड्यातच सांगा. थप्पी रचून झाली की समोरच्या एका लाकडावर खडूनं तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीला कुठली रास आधी काढायची यावरून घरात वाद नको.